भागीचं घोडं

फेब्रुवारी २०१७ मध्ये मी आईला सांगितलं की आम्ही सहा जणांनी मिळून रेसची एक घोडी घेतली, तेव्हा आई मेथी निवडत बसली होती. तिने मान वर केली नाही. म्हणाली, "भागीचं घोडं किवणानं मेलं, एवढं लक्षात ठेव म्हणजे झालं."

ही म्हण मी लहानपणापासून ऐकत आलोय. सामाईक विहिरीवरून, चुलत्यांच्या पडक्या वाड्यावरून, सोसायटीच्या बंद पडलेल्या पंपावरून. पण त्यातला घोडा खरोखरचा घोडा असू शकतो हे तोपर्यंत कधी डोक्यातच आलं नव्हतं. किवण म्हणजे जनावराच्या अंगावरची चिघळलेली, किडे पडलेली जखम. मालक एक असता तर त्याने पहिल्याच दिवशी बघितली असती, पण मालक सहा, प्रत्येकाला वाटतं दुसरा बघत असेल, आणि घोडं त्यातच जातं. मी आईला म्हणालो, अगं रेसकोर्सवर ट्रेनर असतो, डॉक्टर असतात, घोड्याची निगा राखणारा सईस चोवीस तास असतो. ती म्हणाली, बरं.

सहा जण म्हणजे मी, माझा कॉलेजातला सीए मित्र, त्याचा मेहुणा, आमच्या बिल्डिंगमधल्या डेंटिस्ट वहिनी, नाशिककडचा एक द्राक्ष बागायतदार आणि काका. काका म्हणजे नात्याने कुणाचेच नाहीत, पण सगळे त्यांना काकाच म्हणतात. सैन्याच्या रिमाउंट अँड व्हेटरनरी कोअरमधून रिटायर झालेले, आयुष्य घोड्या-खेचरांत गेलेलं. खरं तर आम्ही बाकीचे पाच जण काकांच्या भरवशावरच यात उतरलो. घोडी सहा लाखांना पडली, प्रत्येकी एक लाख. आपल्याकडे पूर्वी स्वतःचा घोडा घेऊन चाकरीला येणारा तो शिलेदार आणि सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर, काका आम्हाला म्हणायचे की तुम्ही आता शिलेदार झालात, तसं वागा.

घोडी कुमैत रंगाची, म्हणजे तांबूस अंग आणि काळी आयाळ, कपाळावर रुपयाएवढी पांढरी टिकली. दोन वर्षांची पोर. रजिस्टरमधलं नाव इंग्रजी आणि लांबलचक होतं (अठरा अक्षरांच्या आत बसवावं लागतं, स्पेससकट), पण पागेत तिला सगळे सोनी म्हणायचे, म्हणून मीही सोनीच म्हणतो. तिचा सईस साताऱ्याकडचा, पन्नाशीचा माणूस, रात्री तिच्या ठाणाबाहेर खाट टाकून झोपायचा. डाव्या कानाला हात लावलेला तिला चालत नाही हे त्याने मला पहिल्याच दिवशी सांगितलं, आणि हे पण सांगितलं की साहेब, ती चंदी खाताना तिच्याशी बोलू नका, तिला आवडत नाही. सहा मालकांपैकी एकालाही हे माहीत नव्हतं. काकांनाही नाही.

पुण्याचा रेसकोर्स कॅम्पात, एम्प्रेस गार्डनला लागून. १८३० पासूनचा. इथला सीझन साधारण जुलै ते ऑक्टोबर, मग सगळा लवाजमा मुंबईला महालक्ष्मीला जातो आणि तिथे एप्रिलपर्यंत रेस चालतात. रेसच्या दिवशीची गर्दी, हॅट, सूटबूट, हे सगळं लोकांनी फोटोत बघितलेलं असतं. मला खरा रेसकोर्स भेटला तो पहाटे. साडेपाचला अजून अंधार असतो, ट्रॅकवर धुकं असतं आणि घोडा दिसायच्या आधी त्याच्या टापा ऐकू येतात, आणि त्याहीआधी त्याचा श्वास. भरधाव घोडा प्रत्येक ढांगेला एक श्वास घेतो, तो भात्यासारखा आवाज धुक्यातून जवळ येत जातो, अंगावर काटा येतो. मग ती यायची, घामाने काळी पडलेली, अंगातून वाफा निघताहेत, सईस तिला फिरवून फिरवून गार करणार, मग अंघोळ, मग खरारा, मग लसूणघासाची पेंढी. मी ऑफिसला जायच्या आधी आठवड्यातून दोनदा जायचो. नऊ वाजता ऑफिसात बसलो की हाताला तिचा वास यायचा आणि मला तो धुवावासा वाटायचा नाही.

आता पैशाचं सांगतो कारण हिस्सा घ्यायचा म्हटलं की लोक पहिलं तेच विचारतात आणि बहुतेकांना उलटंच वाटत असतं. घोडी पळो न पळो, बिल दर महिन्याला येतं. ट्रेनरची फी, चंदी, घास, सईसचा पगार, सरावाला घोडी पळवणारा रायडिंग बॉय, नालबंद, डॉक्टर, औषधं. आमचं महिन्याला ४० हजारांच्या आसपास जायचं, म्हणजे माणशी सातेक हजार, आणि कधी एक्स-रे, कधी मुंबईला न्यायची गाडी, ते वेगळं. जिंकली तर स्टेक मनी (बक्षिसाची रक्कम) मिळतो पण त्यातून ट्रेनर, जॉकी आणि पागेतल्या माणसांचा ठरलेला वाटा आधी जातो. सीए मित्राने पहिल्याच मीटिंगमध्ये आयकर कायद्याचं कलम ७४ए वाचून दाखवलं होतं. १९६१ च्या त्या कायद्यात रेसचे घोडे पाळण्यातल्या तोट्यासाठी स्वतंत्र कलम आहे, हा तोटा फक्त रेसच्या घोड्यांच्याच उत्पन्नातून वजा करता येतो, पगारातून नाही, धंद्यातून नाही, आणि पुढे ओढायचा तर चारच वर्षं. तो म्हणाला, सरकारला पण माहितीये की इथे तोटाच होतो, म्हणून त्याला कुंपण घालून ठेवलंय.

त्याच वर्षी जुलैला जीएसटी आला आणि पैजेवर २८ टक्के लागला. लोकांना वाटतं तो जुगाऱ्यांचा प्रश्न, मालकांचं काय जातं, पण रेस चालवणाऱ्या क्लबला टोटमधून, म्हणजे क्लबच्या पैजेच्या खिडकीवरून, जे कमिशन मिळतं त्यातूनच बऱ्याच अंशी स्टेक मनी येतो, म्हणजे खिडकीवरची गर्दी कमी झाली की घोड्याच्या चंदीलाच कमी पडतं. १९९६ साली सुप्रीम कोर्टाने सांगितलं होतं की घोड्यांची रेस हा कौशल्याचा खेळ आहे, नुसतं नशीब नाही. टॅक्स लावताना मात्र रेस, कसिनो, लॉटरी सगळे एकाच रांगेत उभे केले जातात, सप्टेंबर २०२५ पासून तर तो ४० टक्के झालाय. मला याचा राग येतो. त्या पागेत पहाटे चारला उठणाऱ्या माणसांचं पोट त्यावर आहे.

सोनी पहिल्यांदा पळाली तेव्हा दहात सातवी आली. मग पाचवी. मग एकदा गेटमधून निघायलाच तयार नाही. आमच्या ग्रुपवर तेव्हापासून जे सुरू झालं ते मला नीट आठवतं, कारण मीही त्यात होतो. मेहुण्याला जॉकी बदलायचा होता. वहिनींना वाटत होतं तिला १२०० मीटर कमी पडतात, १६०० वर टाका. बागायतदाराला वाटत होतं ट्रेनर तिला मुद्दाम जपून पळवतोय. मी दोन रेसबुकं वाचून मोठा जाणकार झालो होतो आणि ट्रेनरला रात्री दहाला फोन करायचो. एकदा एकाच दिवशी आमच्यापैकी चौघांनी त्याला फोन केले आणि चौघांनी चार वेगळ्या गोष्टी सांगितल्या. तो काकांना म्हणाला, तुमच्यातला एकच माणूस मला फोन करेल, नाहीतर घोडी घेऊन जा. काका आम्हाला एवढंच म्हणाले की घोड्याला एकच लगाम असतो रे. त्या दिवसापासून फोन काकांनीच करायचा असं ठरलं आणि आम्ही ते पाळलं.

सप्टेंबर २०१८, पुणे, शेवटून दुसरी रेस, १२०० मीटर. सकाळी पाऊस पडून गेलेला, ट्रॅक जड. पॅडॉकमध्ये, म्हणजे रेसआधी घोडे फिरवून दाखवतात तिथे, तिला फिरवत होते तेव्हा सईसाने स्वतःचा शर्ट इस्त्री करून घातला होता, तिची शेपटी विंचरून रेशमासारखी केली होती, खुरांना तेल लावलं होतं. पायात रेससाठीची ॲल्युमिनियमची हलकी नाल. माझ्यासमोरून गेली तेव्हा तिने माझ्याकडे बघितलं नाही, पुढे बघत होती, आणि मला तेव्हाच काहीतरी वेगळं वाटलं. सव्वा मिनिटाचासुद्धा खेळ नाही हा. वळणावर ती सहावी होती, मग सरळ ट्रॅकला लागल्यावर आतून जागा मिळाली आणि ती पुढे सरकत गेली, तीन, दोन, मग फक्त एक करडा घोडा, आणि मग दोघांच्या माना एकत्र खाली-वर खाली-वर. फोटो फिनिश. त्या चार मिनिटांत आमच्यातलं कुणी एक शब्द बोललं नाही, वहिनींनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की नखं उमटली. बोर्डावर आमचा नंबर वर लागला. मान भराने नाही, नुसत्या नाकाने.

आम्ही सहा जण तिच्यासोबत आत चाललो, रीत असते तशी, लगाम काकांच्या हातात. काकांचा हात थरथरत होता. मी मागे वळून बघितलं तर सईस चार पावलं मागे, एकटा, दोन्ही हातांनी डोळे पुसत होता. मी त्याला ओढून फोटोत घेतलं. तो फोटो माझ्या टेबलावर आहे आणि शेजारी त्या दिवशीची नाल. सगळ्यांचे वाटे जाऊन आमच्या प्रत्येकाच्या हातात जे आलं त्यात चार महिन्यांचं बिल निघालं. पण मला तेव्हा जगातलं काहीही नको होतं. वडील गेल्यानंतर घरात असं कुणी मोठ्याने हसलं नव्हतं, मी त्या रात्री घरी येऊन आईला सगळी रेस पाय आपटून करून दाखवली आणि आई हसून हसून खोकायला लागली.

त्यानंतर सगळं उतरणीलाच लागलं, ते लांबवत नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये मुंबईत असताना सरावाच्या दुसऱ्या दिवशी सईसाला तिच्या पुढच्या डाव्या पायाला कढत लागलं. सूज नाही, लंगडणं नाही, फक्त तळहाताला कढत. काकांनी मुंबईला जाऊन हात लावला आणि मला फोनवर म्हणाले, टेंडन गेलंय. अल्ट्रासाउंडमध्ये तेच निघालं. साडेचारशे किलोचं जनावर, पळताना एका क्षणी ते सगळं वजन त्या एका पायावर येतं, आणि गुडघ्याखाली तर स्नायू नसतातच, नुसत्या दोऱ्या. त्यातली एक दोरी विरली. वर्षभर विश्रांती, मग बघू.

वर्षभर विश्रांती म्हणजे वर्षभर बिल आणि उत्पन्न शून्य. बागायतदाराच्या बागेचं त्या वर्षी पावसाने नुकसान झालं आणि त्याने पैसे द्यायचे थांबवले. मी त्याला दोष देत नाही, पण त्याने सांगितलं असतं तर बरं झालं असतं, तो नुसता गप्प झाला. त्याचा वाटा आम्ही पाच जणांत वाटून घेतला. हिस्सा घेताना आम्ही काय काय लिहून काढलं होतं, जिंकल्यावर पैसे कसे वाटायचे, जॉकीच्या कपड्यांचे रंग कुणाच्या नावाचे, कप कुणाच्या घरी किती दिवस. घोडी पळायची थांबली तर काय, याची एक ओळ त्या कागदावर नव्हती. जो कुणी असा हिस्सा घ्यायचा विचार करत असेल त्याला मी हेच सांगतो की बाबा, पहिला कागद त्याचा करा, आणि पहिल्या महिन्यापासून तिच्या म्हातारपणाचे पैसे बाजूला टाका.

त्या काळात वहिनी आम्हाला वेल्समधल्या एका घोड्याची गोष्ट सांगायच्या. ड्रीम अलायन्स नावाचा. खाणीच्या भागातल्या गावात तेवीस जणांनी आठवड्याला दहा-दहा पाउंड घालून सांभाळलेला, त्याच्या पण पायाचं टेंडन २००८ मध्ये रेसमध्ये गेलं होतं, लोक म्हणाले गोळी घाला, तर त्यांनी त्याच्याच जिंकलेल्या पैशांतून स्टेम सेलचे उपचार केले आणि २००९ च्या डिसेंबरात तो वेल्श नॅशनल जिंकला. वहिनींनी ही गोष्ट इतक्यांदा सांगितली की मला पाठ झाली. आम्हालाही वाटायला लागलं की होईल. जानेवारी २०२० ला तिला पुण्यात हळूहळू दुडक्या चालीवर आणलं, मार्चमध्ये ट्रॅकवर नेणार होतो. मार्चमध्ये सगळंच बंद झालं.

लॉकडाऊनमध्ये मला तिला बघता आलं नाही. सईस पागेतच राहिला, गावी गेला नाही, त्याची मुलगी बाळंत झाली तरी गेला नाही. रात्री आठला व्हिडिओ कॉल करून फोन तिच्या तोंडासमोर धरायचा. ती फोनवर फुरफुरायची आणि स्क्रीन ओली व्हायची. ऑगस्टमध्ये पायात परत कढत आली आणि आम्ही थांबायचं ठरवलं. पाच जणांत एकाचंही दुमत नव्हतं. हे एवढंच सोपं गेलं.

अवघड होतं ते पुढचं, तिला ठेवायचं कुठे. स्टडफार्मने वंशावळ बघून नको म्हटलं. रायडिंग स्कूलने पाय बघून नको म्हटलं. एकाने सुचवलं की लसीच्या संस्थेला द्या. त्यात वावगं काही नाही खरं तर, सर्पदंशावरचं औषध घोड्याच्या रक्तातूनच येतं, आणि पुण्यातली सीरम इन्स्टिट्यूट १९६६ मध्ये सुरू झाली तीच मुळी पूनावालांच्या स्टडफार्मवरून, तिथले निवृत्त घोडे आधी मुंबईच्या हाफकिन संस्थेला दिले जायचे. हजारो जीव वाचलेत त्या घोड्यांमुळे. पण काकांनी मान हलवली आणि मलाही झालं नाही. शेवटी सासवडच्या पुढे एका ओळखीच्या माणसाचा मोकळा मळा मिळाला, कडेला गोठा, महिन्याला नऊ हजार. सईस दुसऱ्या घोड्यावर लागला. निघताना त्याने खराऱ्याचा ब्रश माझ्या हातात दिला आणि डाव्या कानाचं परत एकदा सांगितलं.

पहिले काही महिने आम्ही जायचो. मग काकांची बायपास झाली. सीए मित्राचा मार्च आला. मी आईच्या गुडघ्यांच्या मागे होतो. पैसे पाच तारखेला न चुकता जात होते आणि ग्रुपवर कुणीतरी जुना फोटो टाकला की सगळे हृदय टाकायचे.

ऑगस्ट २०२१ मध्ये मळ्यावरच्या पोराचा फोन आला. घोडीच्या मागच्या पायाला वर मांडीपाशी तार लागलीये, वास येतोय. मी विचारलं, कधी लागली. म्हणाला, झाले बारा-पंधरा दिवस, तुमच्यातलं कुणी येईल वाटलं.

मी आणि काका दिवे घाटातून गेलो, पाऊस धो धो, काकांना अजून गाडीत बसायची परवानगी नव्हती तरी आले. सगळ्या वाटेत आम्ही बोललो नाही. सोनी गोठ्याच्या कोपऱ्यात तोंड भिंतीकडे करून उभी होती, बरगड्या दिसत होत्या. जखम तळहाताएवढी, कडा सुजलेल्या, आणि मध्ये काहीतरी वळवळत होतं. किडे. पांढरे, तांदळाच्या दाण्याएवढे. माझ्या कानात आईचा आवाज आला, अगदी मेथीच्या वासासकट.

काकांनी टर्पेंटाइनचा बोळा ठेवला, डॉक्टर येईपर्यंत आम्ही चिमट्याने एक एक किडा काढत बसलो. मी तिचं तोंड धरून होतो, ती थरथरत होती पण लाथ मारली नाही. ती माझ्या खांद्यावर हनुवटी टेकून उभी राहिली आणि मी तिच्या उजव्या, फक्त उजव्या कानामागे खाजवत राहिलो. डॉक्टर म्हणाले, अजून एक आठवडा गेला असता तर अवघड होतं.

रात्री घरी आलो, आईने माझ्या कपड्यांचा वास घेतला आणि विचारलं काय झालं. मी सांगितलं. मला वाटलं ती म्हण परत ऐकवेल आणि मी ऐकून घ्यायला तयार होतो. ती उठली, कपाटातून तिचं जुनं सुती नऊवारी काढलं, मऊ झालेलं, आणि कात्रीने त्याच्या लांब लांब पट्ट्या कापायला लागली. म्हणाली, गॉज चिकटतं जखमेला, हे बांध, आणि मला उद्या घेऊन चल.

तेव्हापासून पाळी आहे. सगळ्यांनी बघायचं नाही, त्या महिन्यात एकानेच बघायचं, त्याचं नाव ग्रुपच्या वर लिहिलेलं असतं, आणि त्याने दर रविवारी जाऊन चार पायांचे चार फोटो टाकायचे, हात लावून बघून. आजारी पडला तर त्यानेच दुसऱ्याला सांगून जायचं. बागायतदार २०२२ मध्ये परत आला, आपणहून, मागचे सगळे पैसे घेऊन. आम्ही पैसे घेतले आणि मे महिना त्याला दिला. काका गेल्या वर्षी गेले. त्यांचे दोन महिने सईसाने मागून घेतले, आता तो रिटायर होऊन फुरसुंगीत लेकीकडे असतो.

नोव्हेंबर माझा आहे. परवा गेलो होतो. दहा वर्षांची झाली ती आता, पोट सुटलंय, उन्हात उभी राहून डुलक्या घेत होती. त्या जखमेच्या जागी पांढरे केस उगवलेत, कुमैत अंगावर तेवढाच एक पांढरा पट्टा. पुढचा डावा पाय गार होता. चारही खूर साफ केले, फोटो टाकले. मेहुण्याचं लगेच उत्तर आलं, मागच्या उजव्या खुराला चीर दिसतेय का बघ. परत वाकून बघितलं, चीर नव्हती, गवताची काडी अडकली होती.